म्हातारी मांजर, किडनी आणि आमच्या घरची सुकट

यंदाच्या रमजानमध्ये सेहरीला उठले की बिजली मोरीत दिसायची. बादलीच्या काठावर पुढचे दोन पाय टेकून पाणी पीत असायची. पहिले दोन-तीन दिवस मी लक्ष दिलं नाही. मार्च होता, आमच्या चोपड्यात मार्चपासूनच भट्टी पेटते, म्हटलं उन्हाने तहान लागत असेल. मग तिच्या घमेल्यातली रेती बदलताना ते घमेलं जड लागलं. पूर्वी रेतीत लिंबाएवढे गोळे व्हायचे, आता अर्धं घमेलं ओलं. शुगरचं निदान व्हायच्या आधी अम्मीचं असंच झालं होतं. रात्रीतून चार वेळा उठायची, उशाशी तांब्या. घरात एक म्हातारा माणूस आजारी पडलेला पाहिला असेल तर दुसऱ्याची लक्षणं वाचायला वेळ लागत नाही.

बिजली २०१२ च्या उन्हाळ्यात आली. लोडशेडिंगची रात्र होती, मागच्या पडक्या वाड्यातून आवाज येत होता, आणि अम्मीने कंदील घेऊन जाऊन तिला ओढणीत गुंडाळून आणलं. वीज नव्हती म्हणून नाव बिजली. म्हणजे आता ती तेराची. मांजराची तेरा वर्षं म्हणजे माणसाची अडुसष्टच्या आसपास धरतात. अम्मी चौऱ्याहत्तरची आहे.

हा लेख मांजर पाळणाऱ्यांसाठी आहे, पण फक्त त्यांच्यासाठी नाही. घरातल्या कुणाला तरी पथ्य सुरू झालं आणि सगळं घर दोन गटांत विभागलं, असं ज्यांनी पाहिलंय त्यांनाही तो ओळखीचा वाटेल.

गावात जनावरांचा दवाखाना आहे, पण तिथे रांग असते ती गाई-म्हशींची आणि शेळ्यांची, आणि ते बरोबरच आहे. तालुक्याचं पोट त्या जनावरांवर चालतं. एका डॉक्टरसाहेबांना मी फोनवर विचारलं तेव्हा ते हसून म्हणाले, "मॅडम, तेरा वर्षं जगली, अजून काय पाहिजे?" वाईट हेतूने म्हणाले नाहीत. पण प्रश्नाचं उत्तर ते नव्हतं. शेवटी सुट्टीच्या दिवशी भावाच्या गाडीतून, भाजीच्या प्लास्टिकच्या जाळीदार टोपलीवर दुसरी टोपली उलटी बांधून, तिला जळगावला नेलं. रक्त आणि लघवी तपासली. दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा तपासली, कारण एकाच तपासणीवर शिक्का मारायचा नसतो. त्या दिवशी मांजराने पाणी कमी प्यायलं असेल तरी आकडा चढतो.

क्रिएटिनिन २.३. फॉस्फरस ४.९. लघवी पातळ, म्हणजे विशिष्ट गुरुत्व १.०१८; निरोगी मांजराचं बहुधा १.०३५ च्या वर असतं. वजन साडेतीन किलो, तीन वर्षांपूर्वी चार किलोच्या पुढे होतं.

किडनीच्या आजाराच्या पायऱ्या ठरवणारी एक आंतरराष्ट्रीय संस्था आहे, 'आयरिस' नावाने ओळखली जाते. तिच्या मोजपट्टीत मांजराचं क्रिएटिनिन १.६ ते २.८ असलं की दुसरी पायरी. एकूण पायऱ्या चार. म्हणजे आमची बिजली सुरुवातीच्या टप्प्यात. पण इथे एक गोम आहे. क्रिएटिनिन वाढलेलं दिसेपर्यंत किडनीचं बरंचसं काम, ढोबळमानाने तीन चतुर्थांश, आधीच गेलेलं असतं. गेलेलं परत येत नाही. उरलेल्याला जपायचं, एवढंच हातात राहतं, आणि त्यातला सगळ्यात मोठा भाग म्हणजे ताटली.

घरी आल्यावर ही ताटली सगळ्यांच्या मालकीची निघाली.

शेजारच्या काकू म्हणाल्या, किडनी ना, मग मांस बंद करा, खिचडी द्या, नाहीतर दूधभात. शाळेतल्या एका सहकारी आपांनी नारळपाणी सुचवलं. भाचा म्हणाला, 'सिनिअर' लिहिलेली पिशवी मिळते ऑनलाइन, ती घ्या. अम्मी काहीच म्हणाली नाही. तिने फक्त संध्याकाळी, मी वह्या तपासत असताना, डब्यातून चिमूटभर सुकट काढून बिजलीपुढे ठेवली. मी पाहिलं तर म्हणाली, "अरे, बिल्ली है, पेशंट नहीं."

माझं मत मी सरळ सांगते. हे सगळे सल्ले प्रेमाने दिलेले होते आणि जवळजवळ सगळे चुकीचे होते. चुकीचे अशासाठी की आपण माणसाचं पथ्य उचलून मांजराला लावतो.

खिचडीचंच घ्या. माणसाच्या किडनीच्या आजारात डॉक्टर प्रथिनं मोजून द्यायला सांगतात, ते आपल्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं. पण मांजर ही जात्याच मांसाहारी. तिचं शरीर प्रथिनं जाळूनच चालतं, कमी मिळाली तर स्वतःच्या स्नायूंमधून काढून घेतं. डाळ-भातात टॉरिन नसतं, आणि ते नसेल तर मांजराचं हृदय आणि डोळे दोन्ही बिघडतात. म्हाताऱ्या मांजराला खिचडीवर ठेवणं म्हणजे किडनी वाचवण्याच्या नावाखाली तिला हळूहळू सुकवणं. बिजलीच्या पाठीचा कणा हाताला लागायला लागलाच होता. तिला प्रथिनं हवीत, चांगल्या प्रतीची हवीत, आणि जी द्यायची ती कमी फॉस्फरसमधून द्यायची.

सगळी गोष्ट फॉस्फरसपाशी येऊन थांबते, म्हणून त्यावर जरा थांबू या. मांस, मासे, दूध, हाडं सगळ्यांत फॉस्फरस असतो आणि निरोगी किडनी जादाचा लघवीतून काढून टाकते. थकलेल्या किडनीला ते जमत नाही. मग रक्तात तो साठू लागतो, गळ्यातल्या पॅराथायरॉइड ग्रंथी जास्त काम करू लागतात, हाडांमधलं कॅल्शियम ओढलं जातं आणि कॅल्शियम-फॉस्फरसची पुटं किडनीतच बसतात. म्हणजे आजारच आजाराला वाढवतो. दुसऱ्या पायरीवरच्या मांजराचा फॉस्फरस ४.६ च्या खाली ठेवावा असं आयरिस सांगते. बिजलीचा ४.९ होता. फार नाही, पण रेषेच्या पलीकडे.

आता एक ग्रॅम प्रथिनासोबत किती फॉस्फरस येतो ते पाहा, म्हणजे सगळे सल्ले आपोआप चाळून निघतात. अंड्याच्या पांढऱ्या भागात जेमतेम दीड मिलिग्रॅम. कोंबडीच्या छातीच्या मांसात नऊ-दहा. दुधात अठ्ठावीसच्या आसपास. अंड्याच्या पिवळ्या बलकात पंचवीसच्या आसपास. आणि सुकट, बोंबील, जवळा? ते तर काट्यांसकट, डोक्यासकट, शेपटीसकट वाळवलेले. काटा म्हणजेच कॅल्शियम आणि फॉस्फरस. शिवाय मीठ. अम्मीची चिमूटभर सुकट ही आमच्या घरातली सगळ्यात प्रेमळ आणि सगळ्यात वाईट गोष्ट होती, हे मला कागदावर आकडे मांडल्यावर कळलं. अम्मीला ते कसं सांगायचं हे मात्र कुठल्याच कागदावर नव्हतं.

बी.एड.ला आम्हाला शिकवलं होतं, की मुलाला 'हे करू नकोस' म्हणण्याआधी त्याच्या हातात दुसरं काहीतरी द्या. मी ते अम्मीवर वापरलं. अंडी उकडायचं आणि पांढरा भाग बारीक कुस्करायचं काम तिच्याकडे दिलं. उकडलेलाच द्यायचा, कच्चा नाही. कच्च्या पांढऱ्यातलं एक प्रथिन बायोटिन हे जीवनसत्त्व शरीराला लागू देत नाही. पिवळा बलक अम्मी स्वतः खाते. तिला आवडतो, आणि तिच्या डॉक्टरांची हरकत नाही.

यखनीचं तसंच. आमच्याकडे कोंबडी शिजली की मसाला घालण्याआधी वाटीभर पाणी बिजलीसाठी बाजूला निघायचं. मला वाटायचं, पातळ आहे, पाणी पोटात जातंय, चांगलंच. पण मांस उकळलं की त्यातला काही फॉस्फरस पाण्यात उतरतो. म्हणून किडनीच्या मांजराला द्यायचं तर शिजवलेलं मांस द्यावं आणि ते पाणी आपल्या सालनात जावं. आम्ही वर्षानुवर्षं नेमकं उलट करत होतो. आणि कांदा-लसूण पडलेलं काहीही तर कोणत्याच मांजराला नको, आजारी असो की धडधाकट. त्यांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी त्याने फुटतात. जाता जाता तेही सांगते: ताप वाटला म्हणून पॅरासिटामॉलचा तुकडा मांजराला कधीही देऊ नका. ते तिच्यासाठी विष आहे.

तर मग घरीच कोंबडी आणि अंड्याचा पांढरा देत राहावं का? स्वस्त, ताजं, हलाल, डोळ्यांसमोर शिजवलेलं. मलाही हाच मार्ग हवा होता. पण नुसत्या मांसात कॅल्शियम जवळजवळ नाही, आणि बाकीची जीवनसत्त्वं, क्षार यांचा हिशोब घरी जुळवणं सोपं नाही. २०१२ साली अमेरिकेतल्या पशुवैद्यकांनी किडनीच्या आजारासाठी सांगितल्या जाणाऱ्या घरगुती अन्नाच्या ६७ पाककृती तपासल्या, पुस्तकांतल्या आणि इंटरनेटवरच्या. सगळे आवश्यक घटक पुरेसे देणारी त्यांत एकही निघाली नाही. पशुआहारतज्ज्ञाने आपल्या मांजराचे रिपोर्ट पाहून लिहून दिलेलं अन्न ही वेगळी गोष्ट. तसा तज्ज्ञ चोपड्यात मला मिळाला नाही. कुणाला मिळाला तर त्याचं ऐका, माझं नाही.

म्हणून किडनीसाठी बनवलेलं तयार अन्न. याची सुरुवात गमतीदार आहे. अमेरिकेत मॉरिस फ्रँक नावाच्या अंध गृहस्थांचा वाटाड्या कुत्रा होता, बडी. त्याची किडनी बिघडली तेव्हा डॉक्टर मार्क मॉरिस यांनी त्याच्यासाठी खास अन्न तयार केलं. पुढे १९४८ मध्ये हिल नावाच्या कंपनीने ते डब्यात भरून विकायला सुरुवात केली. आज आपल्याकडेही हिल्सचं के-डी, रॉयल कॅनिनचं रीनल, फार्मिनाचं व्हेट लाइफ रीनल अशी अन्नं मिळतात. साध्या कॅट फूडच्या कोरड्या वजनात फॉस्फरस एक टक्का किंवा त्याहून जास्त असतो, यांत अर्ध्या टक्क्याच्या आसपास. मीठ कमी, माशाच्या तेलातलं ओमेगा-३ जास्त, प्रथिनं बेताची.

जाहिरातीवर मी विश्वास ठेवत नाही, म्हणून याचा काही पुरावा आहे का ते शोधलं. इंग्लंडमधला २००० सालचा एक अभ्यास पुन्हा पुन्हा सांगितला जातो: किडनीचं अन्न खाणाऱ्या मांजरी निदानानंतर साधारण ६३३ दिवस जगल्या, न खाणाऱ्या २६४. आकडा डोळ्यांत भरतो. पण त्यात मांजरींचे गट चिठ्ठ्या टाकून पाडलेले नव्हते. ज्यांनी ते अन्न खाल्लं नाही त्या दुसऱ्या गटात. आता, ज्या खात नव्हत्या त्या कदाचित आधीच जास्त आजारी असतील! आमच्या शाळेत शिकवणीला जाणारी मुलं पुढे असतात, त्यात शिकवणीचा वाटा किती आणि घरच्या परिस्थितीचा किती, हाच तो प्रश्न. २००६ चा अमेरिकेतला अभ्यास मला जास्त पटला. दुसऱ्या-तिसऱ्या पायरीवरच्या ४५ मांजरी, गट चिठ्ठ्यांनी पाडलेले, दोन वर्षं निरीक्षण. साध्या अन्नावरच्या २३ पैकी सुमारे पाव मांजरींना विष अंगात भिनल्याचा झटका आला आणि पाच किडनीच्या आजाराने गेल्या. किडनीच्या अन्नावरच्या २२ पैकी एकीलाही झटका नाही, किडनीने एकही गेली नाही. ४५ मांजरी म्हणजे काही फार नाहीत. पण एका मांजरीच्या मालकिणीला निर्णय घ्यायला एवढं पुरतं.

याचा अर्थ मांजर दहा वर्षांची झाली की उठून ही पिशवी आणावी असा नाही. हे माझं ठाम मत आहे, कारण आपल्याकडे 'आधीपासून केलेलं बरं' हा मोठा आजार आहे. रक्त न तपासता, किडनी ठीक असताना फॉस्फरस आणि प्रथिनं तोडली तर म्हाताऱ्या मांजराचे स्नायू झडतात. काही मांजरींचं तर सुरुवातीच्याच टप्प्यात फॉस्फरस फार कमी केल्याने रक्तातलं कॅल्शियम वाढतं. म्हणून अन्न बदलल्यावर कॅल्शियमही तपासायचं. आणि 'सिनिअर' म्हणजे 'किडनी' नव्हे. भाच्याने दाखवलेल्या पिशवीवर फॉस्फरसचा आकडाच नव्हता. मी दुकानात चार पिशव्या उलटून पाहिल्या, एकीवर तो होता. ज्या एका आकड्यावर म्हाताऱ्या मांजराचं आयुष्य अवलंबून आहे तो छापायला शाई किती लागते? प्रथिनं, चरबी, तंतू, ओलावा सगळं छापतात. हा आकडाही छापलाच पाहिजे, आणि ग्राहक म्हणून तो मागितला पाहिजे. नसेल तर कंपनीला ईमेल करून विचारावा. घटकांच्या यादीत फॉस्फेटने संपणारी क्षारांची नावं दिसली तर ती पिशवी किडनीच्या मांजरासाठी ठेवून द्यावी. मांसातल्या फॉस्फरसपेक्षा हे वरून घातलेले क्षार लवकर रक्तात जातात.

लेबल वाचताना आणखी एक फसगत होते. पाऊचवर प्रथिनं ८ टक्के लिहिलेली, कोरड्या दाण्यांवर ३० टक्के. पाहणारा म्हणतो, पाऊच हलकं. पण पाऊचमध्ये ८२ टक्के पाणी आहे, दाण्यांत ८ टक्के. पाणी वजा करा: १८ भागांत ८ म्हणजे ४४ टक्के, आणि ९२ भागांत ३० म्हणजे साधारण ३३ टक्के. हे गणित मी आठवीच्या मुलींना मराठीच्या तासाला घातलं. गणिताच्या सरांची माफी मागून. एका मुलीने लगेच विचारलं, "आपा, मग दुधाचं पण असंच करायचं का?" त्या तासाला धडा राहिला, पण मला वाईट वाटलं नाही.

आता तो प्रश्न, जो मला या ब्लॉगच्या वाचकांनी विचारला नसता तर मीच विचारला असता. काही पाऊचवर 'मांस व प्राणिजन्य पदार्थ' असं मोघम लिहिलेलं असतं, आणि परदेशी पाऊचमध्ये डुकराचं मांसही असू शकतं. मांजरावर हलाल-हराम लागू नाही, ते उंदीर खातं, हे सगळ्यांना मान्य आहे. पण ते पैसे देऊन विकत घेणं, घरात, आपल्या भांड्यांशेजारी ठेवणं यावर आलिमांमध्ये वेगवेगळी मतं आहेत. मी आमच्या ओळखीच्या मौलानांना विचारलं. त्यांनी आधी विचारलं, "दुसरं मिळतं का?" मिळतं, म्हटलं, कोंबडीचं. "मग प्रश्न कुठे आहे?" विषय संपला. मी कोंबडी लिहिलेलं घेते, तिची वाटी आणि चमचा वेगळा ठेवते. ज्यांना गरजेपोटी दुसरं घ्यावं लागेल त्यांनी आपल्या आलिमांना विचारावं. मी मराठीची मास्तरीण आहे, मुफ्ती नाही.

मात्र मांजराच्या नावाने आपल्याकडे जे किस्से चालतात त्यावर एक वाक्य. पैगंबरांनी झोपलेल्या मांजरीसाठी कुर्त्याची बाही कापली, ही गोष्ट व्हॉट्सअॅपवर दर महिन्याला येते, पण हदीसच्या विश्वसनीय संग्रहांत ती नाही. जे आहे ते त्याहून जास्त जबाबदारीचं आहे. अबू कतादा वुजू करत होते, तहानलेली मांजर आली, त्यांनी पाण्याचं भांडं तिच्यासाठी तिरकं धरलं. आणि दुसरीकडे ती बाई, जिने मांजर बांधून ठेवली, स्वतः खायला दिलं नाही आणि तिला तिचं शोधू दिलं नाही, आणि त्यासाठी ती शिक्षेला पात्र ठरली. या दुसऱ्या गोष्टीचा मी अलीकडे बराच विचार करते. बिजली आता कुंपणावर चढू शकत नाही. उंदीर तर सोडाच, पाल पळाली तरी नुसती बघते. तिचं ती शोधू शकत नाही. म्हणजे तिच्या ताटलीत काय पडतं याची सगळी जबाबदारी आमच्यावर आली. प्रेमाने चुकीचं वाढलं तरी जबाबदारी हटत नाही.

खर्चाचं बोलते. बोललंच पाहिजे, नाहीतर हा लेख पुण्या-मुंबईच्या सोसायटीतला होईल. साडेतीन किलोच्या मांजरीला दिवसाला साधारण दोनशे कॅलरी लागतात, म्हणजे पन्नास ग्रॅमच्या आसपास कोरडे दाणे. महिन्याला दीड किलो. मी घेते त्या पिशवीचा भाव किलोला हजाराच्या वर पडतो. शाळेत एका ताईंनी ऐकलं आणि म्हणाल्या, "एवढ्यात एका मुलाची महिन्याची शिकवणी होते हो." त्या खोटं बोलत नव्हत्या. आमच्या शाळेत वही नसलेली मुलं आहेत. केळीच्या बागेत मजुरीला जाणाऱ्या आयांची मुलं आहेत, सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांतून येणारी तडवी मुलं आहेत. रात्री मला हे टोचलं.

माझं उत्तर असं आहे आणि ते सगळ्यांना पटेल असं नाही. जकात वेगळी काढते, त्यातला रुपया मांजरीकडे जात नाही. मुलांसाठी जे करते ते कमी केलेलं नाही. गेलंय ते माझं, दोन नवे सूट आणि दर महिन्याचं एक बाहेरचं जेवण. आणि मी एक रेषा आखली आहे: कर्ज काढणार नाही, मुंबईला महिनाभर दवाखान्यात ठेवणार नाही. परळला जनावरांचा जुना मोठा दवाखाना आहे, महालक्ष्मीला २०२४ मध्ये टाटांचं नवं रुग्णालय सुरू झालं, सोयी खूप आहेत. पण बिजलीला जळगावच्या रस्त्यावरच दोन वेळा उलटी झाली. तिच्या वयाला तो प्रवास मी देणार नाही.

ज्यांना पिशवी परवडत नाही त्यांना मी रिकाम्या हाताने पाठवणार नाही. सगळ्यात मोठा फरक काढून टाकण्याने पडतो, आणि काढून टाकायला पैसे लागत नाहीत. सुकट, काटे, हाडं, दूध, कलेजी, पिवळा बलक, उरलेलं सालन. हे थांबवा. साधं ओलं अन्न किंवा पाण्यात भिजवलेले दाणे, त्यात उकडलेल्या अंड्याचा पांढरा. आम्हीही अजून पूर्ण किडनीच्या अन्नावर नाही, पाऊण भाग ते आणि पाव भाग कोंबडी-अंडं. डॉक्टरांना विचारून. फॉस्फरस त्यानेही खाली येत नसेल तर अन्नात मिसळायचं, फॉस्फरस बांधणारं औषध असतं. तेही डॉक्टरांना विचारून.

आणि पाणी. मांजर मूळची वाळवंटाकडची, तिला तहान कमी कळते, शिकारीच्या अंगातलंच पाणी तिला पुरायचं. कोरडे दाणे आणि जळगाव जिल्ह्याचा मे महिना, पारा ४४-४५ वर, दुपारी वीज गेलेली, हे मिश्रण किडनीला पेलत नाही. मी दाण्यांवर दुप्पट कोमट पाणी घालते, वीस मिनिटं ठेवते, मग कुस्करते. घरात चार ठिकाणी पाणी: मोरीपाशी, माठाखाली, अम्मीच्या पलंगाखाली, गच्चीच्या जिन्यात. पसरट मातीच्या परळात, मिशा काठाला लागणार नाहीत अशा. माठाखालचं पाणी तिला सगळ्यात आवडतं, गार असतं म्हणून. भिजवलेलं अन्न उन्हाळ्यात तासाभरात आंबतं, म्हणून दिवसातून पाच वेळा थोडं थोडं. शाळेच्या वेळात ते काम अम्मीचं.

नवं अन्न तिने पहिल्या दिवशी हुंगलं आणि त्यावर पंजाने माती लोटल्यासारखं केलं. मला वाटलं, उपाशी ठेवलं की खाईल. हा सगळ्यात धोक्याचा विचार आहे आणि माझ्या हातून दीड दिवस तो झाला. मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिली तर तिच्या यकृतात चरबी साठते आणि त्यातही जीव जाऊ शकतो. जळगावच्या डॉक्टरांनी फोनवर रागावूनच सांगितलं, की किडनीचं अन्न न खाण्यापेक्षा चुकीचं अन्न खाल्लेलं परवडलं. मग जुन्या अन्नात एक चमचा नवं, आठवड्याने दोन. सहा आठवडे लागले. अंगाएवढं कोमट केलं की वास सुटतो आणि ती येते. मळमळत असेल तेव्हा नवीन काही पुढे ठेवायचं नाही, नाहीतर त्या वासाशी उलटीची आठवण जोडली जाते आणि ते अन्न कायमचं गेलं.

बकरी ईदला परीक्षा झाली. घरभर मांस, पोरं येताजाता तिला कलेजी-गुर्द्याचे तुकडे टाकणारी. मी एका कागदावर उर्दूत आणि मराठीत लिहून फ्रीजवर चिकटवलं: बिजलीला कुणी काही देऊ नये. चरबी-हाड काढलेल्या मांसाचे बोटाएवढे तुकडे बिनमिठाचे उकडून फ्रीजरमध्ये ठेवले, मागेल तेव्हा त्यातला एक. कागदाखाली कुणीतरी पेन्सिलीने लिहिलं होतं, 'बिजली को भी ईद है.' अक्षर अम्मीचं होतं.

दोन महिन्यांनी रक्त तपासलं. फॉस्फरस ४.३. क्रिएटिनिन २.२, म्हणजे जवळपास तेवढंच, आणि डॉक्टर म्हणाले तेवढंच राहिलं तर उत्तम. कॅल्शियम ठीक. वजन शंभर ग्रॅमने वाढलं. रक्तदाब मोजायचा राहिला आहे. किडनीच्या मांजरींचा तो वाढतो आणि डोळ्यांवर जातो, पण मांजराला बसेल असा पट्टा तिथे नव्हता. त्याचा शोध चालू आहे, कुणाला जळगाव-भुसावळ-धुळ्याकडे माहीत असेल तर कळवा.

अम्मीचं आणि माझं भांडण मिटलेलं नाही. ती म्हणते, तेरा वर्षं जिने सुकटीवर काढली तिला आता शेवटी तू साबणाच्या चुऱ्यासारखं काहीतरी खाऊ घालतेस. मी म्हणते, म्हणूनच. मग ती स्वतःच्या ताटातल्या बिनमिठाच्या भाजीकडे बोट दाखवते आणि म्हणते, दोघींना एकाच जेलमध्ये टाकलंस. शुक्रवारी जुम्याच्या वेळेला डब्याचं झाकण वाजतं. मी आतल्या खोलीत असते. एक सुकट, डोकं काढून, असा आमचा न बोललेला करार आहे. पुढची तपासणी दिवाळीच्या सुट्टीत.